रीबूट दिला आणि सर्व्हर परत आलाच नाही: लांबून ओएस अपग्रेड करताना काय तपासायचं

मी ठाण्यात, नौपाड्यात बसतो. ज्या सर्व्हरांची देखभाल करतो ते महापे, रबाळे, तुर्भे आणि वागळे इस्टेटमध्ये विखुरलेले आहेत. अंतर म्हणाल तर काहीच नाही. पण रात्री दोन वाजता ट्रान्स-हार्बरची लोकल नसते, एमआयडीसीतल्या कारखान्याच्या चाव्या मालकाच्या घरी असतात आणि डेटा सेंटरला आधी कळवून पास काढल्याशिवाय कुणी आत सोडत नाही. म्हणजे रबाळे काय नि फ्रँकफर्ट काय, रात्री दोघंही सारखेच लांब.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स ओएसचं एका आवृत्तीवरून दुसरीवर अपग्रेड केलं, रीबूट दिला आणि पुढे शांतता, हा प्रकार मी इतक्या वेळा निस्तरलाय की आता क्रम पाठ झालाय. तोच खाली देतो. तुमचा सर्व्हर अजून शाबूत असेल आणि फक्त अपग्रेड करायचं असेल, तर आधी शेवटचा भाग वाचा.

लक्षणं आणि त्यांचा अर्थ

"चालत नाही" एवढ्यावर काही कळत नाही. नेमकं काय दिसतंय ते कागदावर लिहा, कारण प्रत्येक लक्षणाची वाट वेगळी आहे.

• पिंग (मशीन जिवंत आहे का ही हाक) नाही, एसएसएच (लांबून लॉगिन करायची जोडणी) नाही, काहीच नाही. मशीन चढलंच नाही, किंवा चढलं पण नेटवर्क उठलं नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

• पिंग येतो, एसएसएच लगेच "कनेक्शन रिफ्युज्ड" म्हणतो. ही चांगली बातमी. मशीन जिवंत आहे, फक्त त्या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) कुणी ऐकत नाहीये.

• एसएसएच बराच वेळ लटकून "टाइम्ड आउट" देतो. फायरवॉल, बदललेला पत्ता किंवा राउटर.

• एसएसएच जोडला जातो, पण "सर्व्हर रिफ्युज्ड अवर की" म्हणून हाकलतो. दोष बहुधा तुमच्याच लॅपटॉपवर आहे.

• अपग्रेड अर्ध्यात असताना जोडणी तुटली.

• आत जाता येतं, सगळं ठीक दिसतं, पण ऑफिसातल्यांचं व्हीपीएन किंवा इंटरनेट बंद.

फुकटच्या तपासण्या

सर्वात आधी, थांबा. घड्याळ लावून वीस मिनिटं. भरपूर मेमरी असलेला रॅकचा सर्व्हर नुसती स्वतःची तपासणी करायलाच काही मिनिटं खातो, वर कित्येक महिन्यांनी रीबूट झाला असेल तर डिस्कची तपासणीही चालू होऊ शकते. या वेळात "काका, जरा बटण बंद-चालू करा ना" असा फोन करणं ही मी पाहिलेली सर्वात महाग चूक. फाइल सिस्टिमची दुरुस्ती चालू असताना वीज तोडली तर नसलेला बिघाड तयार होतो.

मग लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि पुन्हा प्रयत्न करा. घाबरून चार-पाच वेळा लॉगिन मारलं असेल तर चुकीच्या लॉगिनवर बंदी घालणाऱ्या फेलटूबॅनने तुमच्या घरचा आयपी कोंडला असेल. बदल केला नसेल तर ती बंदी दहा मिनिटांची असते. हे न कळल्यामुळे लोक थेट डेटा सेंटरच्या माणसाला उठवतात.

पत्ता बदललाय का, हेही इथेच बघा. सर्व्हरला डीएचसीपीने, म्हणजे राउटरकडून आपोआप, पत्ता मिळत असेल, तर अपग्रेडनंतर तो राउटरला स्वतःची ओळख वेगळ्या पद्धतीने देऊ शकतो. मग राउटर त्याला शेवटी ५०च्या ऐवजी ७३ असलेला पत्ता देतो आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची जोडणी आत पाठवायचा नियम) मात्र ५०कडेच बोट दाखवत राहतं. ऑफिसातला एखादा पीसी एनीडेस्कवर मिळत असेल तर त्यातून राउटरच्या यादीत डोकवा आणि त्या पीसीवरूनच एसएसएच करून पाहा. माझ्या निम्म्या "मेलेल्या" सर्व्हरांना मी असाच आतल्या बाजूने गाठलाय.

एसएसएचची किल्ली (पासवर्डऐवजी वापरायची फाइल) नाकारली जात असेल तर लॅपटॉपवरचे पुटी किंवा विनएससीपी हे जोडणीचे प्रोग्राम नवीन टाका. सर्व्हरवर एसएसएच चालवणाऱ्या ओपनएसएसएचने ८.८ या २०२१च्या आवृत्तीपासून एसएचए-१वर आधारलेल्या आरएसए सह्या घेणं बंद केलं. डेबियन ११मध्ये ८.४ होतं, १२मध्ये ९.२ आलं. उबुंटू २०.०४मध्ये ८.२ होतं, २२.०४मध्ये ८.९. त्यामुळे नेमक्या याच उड्यांवर जुना पुटी दगा देतो. तुमची आरएसए किल्ली बदलायची गरज नाही, तीच किल्ली नव्या पुटीत चालते. खूप जुनी डीएसए किल्ली असेल तर मात्र ती गेलीच समजा. ओपनएसएसएच १०मधून ती पूर्ण काढून टाकली आहे, आणि डेबियन १३मध्ये तेच आहे.

"रिफ्युज्ड" येत असेल तर २२, आणि तुम्ही पूर्वी ठेवलेला वेगळा पोर्ट, दोन्हीवर ठोठावून बघा. अपग्रेडमध्ये सेटिंगच्या फाइलबद्दल प्रश्न येतो: तुमची ठेवू की पॅकेजची नवी घेऊ? झोपेत "नवी" दाबलं की तुमचा पोर्ट आणि तुमचे नियम पुसले जातात. उबुंटू २२.०४वरून २४.०४ला जाताना आणखी एक वळण आहे. तिथे पोर्ट एसएसएचची सेवा स्वतः उघडत नाही, सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीचं सॉकेट उघडतं. पोर्ट बदलल्यावर फक्त सेवा रीस्टार्ट करून भागत नाही, सॉकेटही रीस्टार्ट करावं लागतं.

आणि व्हीपीएन बंद पडण्याचं लक्षण असेल, तर डेबियन १३वर सिस्टिमडी आता ईटीसी फोल्डरातली जुनी सिसकंट्रोल फाइल वाचत नाही. नेटवर्कची पाकिटं पुढे ढकलण्याचं सेटिंग तुम्ही तिथे लिहिलेलं असणार. तेच 'सिसकंट्रोल डॉट डी' फोल्डरात नव्या फाइलीत टाका, पाच मिनिटांचं काम.

कुणाचे तरी डोळे उसने घ्या

इथवर काही हाती लागलं नाही तर पडद्यावर काय आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल, सर्व्हरला मॉनिटर, बस. कळ दाबायला सांगायची नाही, फक्त दाखवायला सांगायचं. बहुतेक वेळा चारपैकी एक दिसतं: लॉगिनची ओळ (मशीन ठणठणीत, नेटवर्कचा घोळ), "कर्नल पॅनिक" (ओएसचा गाभा कोसळला), "ग्रब रेस्क्यू" (ओएस चढवणारा प्रोग्राम अडकला), किंवा "इमर्जन्सी मोड" (चढणं अर्ध्यात थांबलं).

रबाळेच्या एका कारखान्यातला जुना पॉवरएज सर्व्हर मी डेबियन ११वरून १२वर नेत होतो. शनिवारची रात्र, बाहेर जुलैचा पाऊस. अपग्रेड एकही चूक न देता पार पडलं, रीबूट दिला आणि पिंग थांबला. मी तासभर मनातल्या मनात कर्नलला, नेटवर्क कार्डाला, स्वतःला शिव्या घालत बसलो. शेवटी वॉचमन काकांना फोन लावला. मालकाला उठवून, परवानगी घेऊन ते वर गेले. मोबाइल इतका हलत होता की मला आधी पंखाच दिसला.

"काका, टीव्हीसारखं आहे ना, त्याच्यासमोर स्थिर धरा."

"धरलाय की साहेब. पांढरी अक्षरं आहेत. रूटचा पासवर्ड द्या म्हणतोय. आमच्याकडे कुठला पासवर्ड?"

इमर्जन्सी मोड. मग मी त्यांना विचारलं, डब्याच्या मागे एक काळी चपटी पेटी लोंबत असते, वायरवाली, ती आहे का? नव्हती. बॅकअपची यूएसबी डिस्क शुक्रवारी अकाउंटंट बाई सुरक्षित राहावी म्हणून घणसोलीला घरी घेऊन गेल्या होत्या. चढताना कोणत्या डिस्का जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत तिची ओळ होती, "नसली तरी चालेल" हे सांगणारा 'नोफेल' नव्हता. सिस्टिमडीने दीड मिनिट वाट पाहिली आणि चढायचं नाकारलं. सकाळी बाईंनी डिस्क आणून लावली, काकांनी बटण दाबलं, सर्व्हर उठला. मी एक अक्षर टाइप केलं नाही.

म्हणजे अपग्रेडचा काही संबंधच नव्हता. तो सर्व्हर वर्षभरात एकदाही रीबूट झालेला नव्हता आणि ती ओळ तेव्हापासून दबा धरून बसली होती. तेव्हापासून माझं ठाम मत आहे: "अपग्रेडनंतर गेला" म्हणून येणाऱ्या सर्व्हरांपैकी बरेचसे अपग्रेडने नाही, रीबूटने गेलेले असतात.

कन्सोल

डेलला आयड्रॅक कार्ड, एचपीला आयएलओ, भाड्याच्या व्हीपीएसला (आभासी सर्व्हरला) कंपनीच्या पानावरचं कन्सोल. यातलं काही असेल तर तुम्ही मॉनिटरसमोर बसल्यासारखेच आहात. दोन गोष्टी आधी बघून ठेवा. पडदा दाखवायची सोय काही मॉडेलांत वेगळ्या परवान्याशिवाय मिळत नाही. आणि हे कार्ड उघड्या इंटरनेटवर कधीही ठेवू नका, व्हीपीएनच्या आतच. जुन्या आयड्रॅकचा मूळ पासवर्ड साऱ्या जगाला माहीत आहे.

कन्सोल मिळालं की आधी ग्रबच्या मेनूत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स"मधून जुना कर्नल निवडा. चढला तर दोष नव्या कर्नलमध्ये किंवा त्याच्या इनिटरामएफएसमध्ये (चढताना लागणाऱ्या छोट्या फाइल-संचात) आहे, आणि तुम्हाला निवांत बसून दुरुस्त करायला चालू मशीन मिळालं. इनिटरामएफएस अर्धवट तयार होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कर्नल ठेवायचं बूट विभाजन भरणं. जुने कर्नल काढा, पुन्हा तयार करा.

लॉगिन मिळतंय पण नेटवर्क नाही, तर कार्डाचं नाव बघा. सेटिंगमध्ये 'ईटीएच०' लिहिलेलं आणि मशीन त्याला 'ईएनओ१' म्हणतंय, हे जुन्या यंत्रांवर हमखास. कार्डच दिसत नसेल तर फर्मवेअर (कार्डाच्या आतला प्रोग्राम). डेबियन १२पासून फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा वेगळा विभाग आहे. तो सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) जोडला नसेल तर जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचं फर्मवेअर पुढे सरकत नाही.

अपग्रेड अर्ध्यात तुटलं असेल तर कन्सोलवरून डीपीकेजीला उरलेली सगळी पॅकेजं कॉन्फिगर करायला सांगा, मग एपीटीला तुटलेलं जोडायला. या क्रमानेच. आणि मध्येच कंट्रोल-सी मारू नका, विशेषतः सी लायब्ररी बदलत असताना. ती अर्धी राहिली तर साध्या आज्ञासुद्धा चालेनाशा होतात.

ग्रब रेस्क्यूची कहाणी वेगळी. पूर्वी कधीतरी डिस्क बदललेली असते आणि ग्रबच्या पॅकेजला मात्र जुन्याच डिस्कचं नाव आठवत असतं. डिस्कच्या सुरुवातीला जुना ग्रब, आत नवे मॉड्यूल, दोघांचं पटत नाही आणि "सिम्बॉल नॉट फाउंड" येतं. रेस्क्यू आयएसओवरून चढून, सीएचरूटने डिस्कवरच्या ओएसमध्ये शिरून, बरोबर डिस्कवर ग्रब पुन्हा बसवावा लागतो. आरसा-रेड (दोन डिस्कांवर एकच डेटा) असेल तर दोन्ही डिस्कांवर. हे पहिल्यांदाच करत असाल तर आज रात्री नको.

इथे थांबा, माणूस बोलवा

पडद्यावर डिस्कचे "आय/ओ एरर" येत असतील, रेडमधली एक डिस्क आधीच गळाली असेल आणि उरलेलीही कुरकुरत असेल, तर मशीन बंद करा. डिस्क दुरुस्त करणाऱ्या एफएसचेकला सगळ्याला "हो" म्हणायला लावू नका. ताजा बॅकअप नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे डिस्क जशी आहे तशी जाऊ दे, तुमच्या प्रत्येक प्रयत्नाने त्याचं काम अवघड होतं.

एनक्रिप्ट केलेल्या डिस्कचा पासवर्ड कुणालाच आठवत नसेल तर तुक्के मारत बसू नका. सर्व्हर वॉरंटीत किंवा एएमसीत असेल तर डबा उघडायच्या आधी त्यांना कळवा. डेटा सेंटरमध्ये असेल तर त्यांचे रिमोट हँड्स (तिथले तंत्रज्ञ) मागवा. तासाचे पैसे लागतात, पण ते वायर बरोबर ओढतात. आणि दोन तास झाले, नवीन काही कळलेलं नाही, तरी तेच तेच करताय, तर हात काढा. सव्वादोन वाजता केलेले उपाय मी सकाळी उलटे फिरवत बसलेलो आहे.

अजून रीबूट दिला नसेल तर

अपग्रेड सुरू करण्याच्या आदल्या दिवशी, काहीही न बदलता, जुन्याच ओएसवर एकदा रीबूट द्या. ऑफिस चालू असताना, तिथे माणूस असताना. एफएसटॅबमधली भुतं, सुकलेली सीमॉसची बॅटरी, वीज आल्यावर आपोआप चालू न होणारं बायोस, कुणीतरी हाताने चालू केलेली आणि कुठेही न नोंदलेली सेवा, हे सगळं तेव्हाच बाहेर येतं. त्यानंतर जे बिघडेल ते अपग्रेडमुळे, एवढं तरी नक्की होतं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

मग दुसरं दार. कन्सोल उघडून, त्यातून खरोखर लॉगिन करून बघा. "आहे म्हणे" चालत नाही. रूटला पासवर्ड आहे ना ते तपासा. उबुंटूवर रूट मुळातच बंद असतो, आणि मग इमर्जन्सी मोड दारातच "खातं बंद आहे" म्हणून अडवतो, कन्सोल असूनसुद्धा.

बॅकअप दुसऱ्या मशीनवर घ्या आणि त्यातली एक फाइल परत काढून बघा. पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर पूर्ण डंप वेगळा. डेबियन ११मध्ये पोस्टग्रेस १३ आहे, १२मध्ये १५. डेटा आपोआप नव्या आवृत्तीत जात नाही, जुना क्लस्टर तसाच राहतो आणि शेजारी नवा रिकामा उभा राहतो. रिकामा बघून घाबरून जुना पुसणारे लोक आहेत.

एका वेळी एकच पायरी चढा. डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळता येत नाही, ११वरून १३ला जायचं तर १२वर थांबूनच. १२वरून निघण्याआधी तिचे सगळे किरकोळ अपडेट लावून घ्या, कारण अपग्रेड अर्ध्यात तुटलं तर १२च्या जुन्या ओपनएसएसएचमुळे नवी जोडणीच मिळत नाही. बूट विभाजनात ३००-एक एमबी मोकळी ठेवा. बाहेरून जोडलेल्या रिपॉझिटरी बंद करा.

सगळं टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये चालवा. महावितरणची वीज गेली, घरचा वायफाय पडला तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं. उबुंटूचं अपग्रेड एसएसएचवरून चालवलं तर ते १०२२ पोर्टवर राखीव एसएसएच उघडतं. पण तुमच्या राउटरवर तो पोर्ट उघडलेला नसेल तर त्याचा उपयोग शून्य.

फायरवॉल किंवा नेटवर्क हाताने बदलायचं असेल तर आधी दहा मिनिटांनी रीबूट होईल असं शटडाउन लावा, बदल फाइलीत न लिहिता करून बघा, आत राहिलात तर शटडाउन रद्द करा. बाहेर फेकले गेलात तर दहा मिनिटांत सर्व्हर जुन्या सेटिंगवर परत येतो. उबुंटूच्या नेटप्लॅनमध्ये (नेटवर्कच्या सेटिंगचं साधन) 'ट्राय' हेच करतं, १२० सेकंदांत दुजोरा दिला नाही तर मागे फिरतं.

शेवटच्या रीबूटसाठी माझी आवडती युक्ती. ग्रबचं डिफॉल्ट 'सेव्ह्ड' करा, जुना कर्नल कायमचा म्हणून नेमा आणि 'ग्रब-रीबूट'ने नवा फक्त एका खेपेसाठी. कर्नलला 'पॅनिक=१०' द्या. नवा कर्नल कोसळला तर दहा सेकंदांनी मशीन स्वतःच उठून जुन्यावर येतं. चढला पण नेटवर्क नाही, तरी काकांनी बटण दाबून बंद-चालू केलं की जुनाच चढतो. कर्नलचं नाव देताना सबमेनूचं नाव आणि आतलं नाव दोन्ही लागतात. एक अट मात्र आहे: बूट विभाजन रेड किंवा एलव्हीएमवर असेल तर ग्रबला आपली नोंद पुसता येत नाही, "एक खेप" संपतच नाही आणि प्रत्येक वेळी नवाच चढतो. तिथे ही युक्ती वापरू नका, कन्सोलवर भिस्त ठेवा.

रीबूटच्या आधी एसएसएचच्या सेटिंगची चाचणी आज्ञा चालवा, एफएसटॅब फाइंडमाउंटकडून तपासून घ्या, आणि दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन होतंय ना ते बघा. चालू असलेल्या जोडणीवर विसंबू नका, ती जुन्याच सेवेच्या जिवावर टिकलेली असते.

सर्व्हर परत आला की नवा कर्नल कायमचा नेमा. जुना मी आठवडाभर काढत नाही. आणखी एक रीबूट, तोही दिवसाढवळ्या, सुखरूप झाला की मगच ऑटोरिमूव्हने तो काढतो.